घरात आलेली पोर आणि तिचे तीस तास

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

ऑपेअर, म्हणजे यजमान घरी राहून-जेवून, हातखर्च घेऊन त्यांची मुलं सांभाळणारी आणि भाषा शिकणारी परदेशी तरुण मुलगी. अशी ऑपेअर ठेवावी का, हा प्रश्न इथे जर्मनीत आपल्या मराठी मंडळात आता सारखा निघतो. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळण्याचा हक्क जर्मनीत २०१३ पासून कायद्यानं आहे. तरी ती जागा मिळेपर्यंत काय होतं, ते इथल्या आईबापांना मी सांगायला नको. आजी-आजोबा येतात, लेकराला न्हाऊमाखू घालतात, आणि व्हिसाचे ९० दिवस भरले की त्यांना परत जावं लागतं. मग कोणीतरी म्हणतं, एखादी पोरगी घरात आणू या.

आम्ही आणली. अजून आहे ती आमच्याकडे. म्हणून आज मला एकच गोष्ट कळकळीनं सांगायची आहे: तिचे तास लिहून ठेवा. रोज, कागदावर, तिला दिसतील असे.

हे मी का सांगते? मी दारव्हा तालुक्यातली, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावची. आमच्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरायचं. रोख किती, ज्वारी किती, सगळं ओसरीवर बसून बोलून व्हायचं. दिवसाचे तास मात्र कोणीच कधी बोललं नाही. पहाटे शेण काढण्यापासून रात्रीच्या जागलीपर्यंत माणूस बांधलेला. त्याच घरांमध्ये शिकायला म्हणून ठेवलेली नात्यातली एखादी मुलगी असायची, आणि तिचं तर काहीच ठरलेलं नसे. शाळेतून आली की भांडी, मग पाणी, मग लहान लेकरं. कोणी तिला वाईट वागवत नव्हतं. जेवायला सगळ्यांच्या पंगतीत, दिवाळीला नवा फ्रॉक. पण आज मी दमले, असं म्हणायची सोय तिला नव्हती. कामाला आलेल्या माणसाला निदान काम संपल्यावर जाता येतं. ती कामाला आलेलीच नव्हती ना! जीव लावला की हिशेब ठेवायचा नाही, ही सवय आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात आहे, आणि देश बदलला म्हणून ती जात नाही.

इथला नियम साधा आहे. आठवड्याला ३० तास, दिवसाला जास्तीत जास्त सहा. आठवड्यातून दीड दिवस पूर्ण सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून निदान एक रविवार तिचा. वर्षाला चार आठवडे रजा. महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी ७० युरो, वर्गाला जायचं भाडं आणि विमा आपल्याकडे. खोली स्वतंत्र, खिडकी आणि हीटर असलेली, आठ चौरस मीटरपेक्षा लहान नाही. काम म्हणजे मुलं सांभाळणं आणि हलकंसलकं घरकाम. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा त्यात येत नाही. आपले सासू-सासरे इथे आले की नेमकं हेच सगळ्यात आधी विसरलं जातं, असं मी पाहिलं आहे. १९६९ साली युरोप परिषदेनं स्ट्रासबुर्गला जो करार केला, त्यात म्हटलं आहे की ही मुलं धड विद्यार्थीही नाहीत आणि धड कामगारही नाहीत, दोन्हींचे गुण असलेला त्यांचा एक वेगळा वर्ग आहे. अशा मधल्या माणसाची ओढाताण करणं फार सोपं असतं.

आता ज्यावरून आपल्यात नाराजी होते, त्या मुद्द्याकडे येते. गावाकडची भाची आणता येईल का? नाही येत. यजमान घरात जर्मन बोलली जायला हवी. आणि आईवडिलांची मातृभाषा जर्मन नसेल, तर ऑपेअर त्यांच्याच मूळ देशातली चालत नाही. पुष्कळांना हा अन्याय वाटतो. मला नाही वाटत. भाची मामीला कधी म्हणेल का, की मामी, माझे सहा तास झाले? आणि म्हटलंच, तर तिकडे गावात तिच्या आईला काय काय ऐकावं लागेल? शिवाय आपल्या घरी ती मराठीच बोलेल आणि वर्षभरानं जशी आली तशीच परत जाईल.

आमच्याकडची मुलगी जॉर्जियाची आहे, कॉकेशसच्या डोंगराकडची. मागे हिवाळ्यात आम्ही गावी निघालो तेव्हा तिला विचारलं, येशील का? येते म्हणाली. मग निघण्याआधी बसून ठरवलं: तिकीट आमचं, तास इथले तेच, आणि ही तिची रजा धरायची नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपण सहलीला नेलं म्हणजे तिची सुट्टी झाली, असं बरीच कुटुंबं धरून चालतात. लेकरू तर तिथेही तिच्याच कडेवर असतं.

गावात कापसाची वेचणी सुरू होती, घर माणसांनी भरलेलं. माझ्या मनात एकच काळजी, हिला खोली कुठून द्यायची? आमच्या घरात बायका माजघरात ओळीनं निजतात. आईनं कोणाला न विचारता धान्याची खोली रिकामी केली, पोती ओसरीवर काढली आणि सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवून घेतली. मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाली, “परक्या घरी निजाचं हाय तिले. कडी आतून पायजे. आमच्या वक्ताले कोणाले सुचलं नाई.” माझी आई पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आली. तिला कुठलाही नियम ठाऊक नव्हता, आणि तरी तिला सगळं कळलं होतं.

बाकी घराला समजायला वेळ लागला. कोणी तिला जरा हे धर म्हणे, कोणी कांदे चिरायला बसवी. ती हौसेनं करी. तिच्याकडे मचादी म्हणजे मक्याची भाकर हातावर थापतात, त्यामुळे तिची भाकर दुसऱ्या दिवशीच गोल झाली आणि चुलीपुढे तिचं कौतुकच कौतुक झालं. पण हौसेनं केलेली भाकर तिसऱ्या दिवशी तिचं काम होऊन बसते. मी वहिनीला स्पष्ट सांगितलं, दुपारी दोननंतर तिला हाक मारायची नाही, तिचं तिला येऊ दे. वहिनीला ते लागलं. “आमी का तिले राबवतो का?” म्हणाली. नाही वहिनी, तुम्ही राबवत नाही. तिला नाही म्हणता येत नाही, एवढंच. मग दुपारी ती आपणहून वावरात जाऊ लागली, बायकांबरोबर कापूस वेचू लागली, आणि वहिनीच तिला घरी परत पाठवायची, ऊन लागेल म्हणून.

एक शेवटचं. विदर्भातल्या मुलींना हा रस्ता मोकळा आहे, फक्त आपल्या घरी नाही, जर्मन घरी. अर्ज करताना वय १८ ते २६, जर्मन ए-१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, आणि मुक्काम जास्तीत जास्त एक वर्ष. परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. इथल्या मध्यस्थ संस्थेला मुलीकडून १५० युरोंपेक्षा जास्त घेता येत नाही, तेव्हा गावात कोणी लाखांचा आकडा सांगत असेल तर घरच्यांना लगेच फोन करा, वावर गहाण टाकायच्या आधी. आणि मुलीला सांगा, हो म्हणण्याआधी त्या घरातल्या मागच्या ऑपेअरशी बोल. जे कुटुंब तिचा नंबर द्यायला कां-कू करतं, तिथे जाऊ नको.

आमच्या कराराची आणि तास लिहायच्या तक्त्याची प्रत मी आणली आहे. मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाशी असेन, ज्यांना हवी त्यांनी फोटो काढून घ्या.