दुसऱ्याचा ईएफआय उतरवू नका

[दृश्य: टेबलावर उघडा लॅपटॉप. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकतात आणि एका ओळीवर थबकतात.]

शेवटची ओळ आहे ‘एक्झिट-बीएस-स्टार्ट’. पंखा फिरतोय, पण पुढची ओळ काही येत नाही. ॲपलचा नसलेल्या लॅपटॉपवर मॅक ओएस ही ॲपलची सिस्टिम चढवायला, म्हणजे हॅकिंटॉश करायला बसलेल्या बहुतेकांची या ओळीशी गाठ पडते. सिस्टिमला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमने, बूटलोडरने, आपलं काम उरकून कारभार मॅकच्या गाभ्याकडे, कर्नलकडे, सोपवलेला असतो, आणि कर्नलला हवी तशी मेमरीची मांडणी किंवा हवा तसा प्रोसेसर समोर दिसत नाही. हा लॅपटॉप धडधाकट आहे. पेनड्राइव्हही चांगला आहे. फक्त त्यावरचा ईएफआय फोल्डर, म्हणजे चालू होताना लागणाऱ्या फाईलींचा संच, दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनसाठी बनवलेला होता आणि तो जसाच्या तसा इथे उतरवला आहे.

[दृश्य: लॅपटॉपचं खालचं झाकण उघडतं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी.]

हे मुळात जमतं कशामुळे? ॲपलने जून २००५ मध्ये पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे जायचं जाहीर केलं आणि जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. तेव्हापासून मॅकच्या पोटात आणि हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसच्या लॅपटॉपच्या पोटात एकाच जातीचा प्रोसेसर बसू लागला. फरक उरला तो प्रोसेसरच्या आजूबाजूला. इंटेल मॅकमध्ये एसएमसी नावाची चिप असते. फाइंडर, डॉक अशा काही प्रोग्रॅमचा भाग कुलूपबंद ठेवलेला असतो आणि त्याची किल्ली या चिपकडे असते. ते कुलूप उघडणाऱ्या घटकाचं नावच ॲपलने ‘डोन्ट स्टील मॅक ओएस टेन’ असं ठेवलं आहे.

हॅकिंटॉश म्हणजे मॅक ओएसला जे जे सापडत नाही ते चालू होतानाच पुरवणं. आधी हे काम कॅमेलिऑन हा बूटलोडर करायचा, मग क्लोव्हर, आणि २०१९ पासून ओपनकोर. ओपनकोर डिस्कवरच्या मॅक ओएसला हात लावत नाही. जे बदल करायचे ते मेमरीत, बूट होताना. म्हणूनच त्याच्यावर चढवलेली सिस्टिम ॲपलची अपडेट सरळ घेऊ शकते. त्याच्या जोडीला केक्स्ट असतात, म्हणजे मॅकचे ड्रायव्हर. व्हर्च्युअलएसएमसी त्या चिपची भूमिका करतो, व्हॉटेव्हरग्रीन ग्राफिक्स सांभाळतो, ॲपलएएलसी आवाज. व्हॉटेव्हरग्रीन आणि ॲपलएएलसी दोघंही लिलू नावाच्या केक्स्टवर उभे असतात.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मॅक ओएसच्या परवान्यात ती फक्त ॲपलच्या यंत्रावर चालवावी असं लिहिलेलं आहे, म्हणजे हा करारभंगच. अशी यंत्रं तयार करून विकणाऱ्या सायस्टार या अमेरिकी कंपनीवर ॲपलने २००८ मध्ये खटला भरला. २००९ मध्ये निकाल तिच्या विरोधात गेला आणि २०११ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. शिकण्यासाठी स्वतःच्या मशीनवर करून बघणं वेगळं. असा लॅपटॉप दुसऱ्याला विकू नये, आणि ऑफिसचं काम तर त्याच्यावर ठेवूच नये.

[दृश्य: सेकंडहँड लॅपटॉपचं दुकान. काउंटरवर एकावर एक ठेवलेले काळे लॅपटॉप.]

अर्धी लढाई इथे, दुकानात जिंकली किंवा हरली जाते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड आणि लॅटिट्यूड लॅपटॉप पुण्याच्या सेकंडहँड बाजारात सहज मिळतात. या निवेदनात उदाहरण म्हणून घेतलाय तो थिंकपॅड टी४८०, आठव्या पिढीचा आय-५, यूएचडी ६२० ग्राफिक्सवाला.

घेण्याआधी दुकानातच चालू करून एफ१ दाबा. बायोस, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जचा पडदा, उघडताना पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप खाली ठेवा. कंपनीने लावलेला सुपरवायझर पासवर्ड थिंकपॅडमध्ये सीएमओएसची बॅटरी काढून जात नाही, आणि त्याच्याशिवाय सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी बूटलोडर रोखणारी सोय, बंद करता येत नाही. विक्रेता ‘विंडोज चालतंय ना’ म्हणेल. त्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. पण आपल्याला बायोस उघडा हवा.

मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या. पहिली, ग्राफिक्स. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या आयरिस एक्सईला मॅक ओएसमध्ये ड्रायव्हरच नाही. पडदा दिसेल, पण ग्राफिक्सचा वेग मिळणार नाही. पेंटियम आणि सेलेरॉनचंही तेच. लॅपटॉपमधली एनव्हिडिया बंद करून इंटेलवरच चालवायचं, म्हणून एमएक्स १५० असलेल्या टी४८० साठी जास्त पैसे मोजू नका. रायझनवर कर्नलचे वेगळे पॅच लागतात, तो रस्ता पहिल्यांदा करणाऱ्याचा नव्हे. दुसरी, एसएसडीचं मॉडेल. सॅमसंगची पीएम९८१ मॅक ओएसमध्ये कर्नल पॅनिक देण्यासाठी, म्हणजे सिस्टिम कोसळवण्यासाठी, कुप्रसिद्ध आहे, आणि कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा सापडते. तिच्यावर दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा साधी साटा एसएसडी घाला. तिसरी, वायफाय कार्ड. टी४८० मध्ये ते इंटेलचं असतं आणि ओपन सोर्स ड्रायव्हरवर चालतं, मात्र त्याच्यावर एअरड्रॉप, म्हणजे ॲपलची बिनतारी फाईल पाठवण्याची सोय, मिळत नाही. रॅम ८ जीबीवर भागतं, १६ असेल तर काम सुखाने होतं.

[दृश्य: तपकीर गल्ली. छोट्या दुकानांपुढची गर्दी, टांगलेल्या केबल.]

बाकीचं सामान फार नाही: १६ जीबीचा पेनड्राइव्ह, लॅन केबल, २५६ जीबीची कोरी एसएसडी. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत सगळं होतं. कोरी एसएसडी चैन म्हणून सांगत नाही. विंडोजने आखलेल्या डिस्कवर ईएफआयचं पार्टिशन बहुधा १०० एमबीचं असतं. मॅकच्या डिस्क युटिलिटीला २०० लागतं. मग डिस्क एपीएफएस या मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट करताना ‘जागा अपुरी’ अशी तक्रार येते आणि लोक मोकळ्या डिस्ककडे बघत बसतात. वेगळी एसएसडी असली की हा गुंता होत नाही, आणि विंडोजची डिस्क काढून ड्रॉवरमध्ये सुरक्षित राहते. झाकण उघडण्याआधी बायोसच्या पॉवर विभागात जाऊन आतली बॅटरी बंद करा. या मॉडेलमध्ये ती सोय आहे.

[दृश्य: बायोसचा पडदा, जवळून.]

बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद. लेगसी बंद, फक्त यूईएफआय. फास्ट बूट बंद. इंटेल एसजीएक्स बंद. साटा कंट्रोलर एएचसीआयवर. रेड (RAID) किंवा इंटेल आरएसटीवर राहिला तर मॅकला डिस्क दिसतच नाही. विंडोज त्याच मशीनवर ठेवणार असाल तर आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, रिकव्हरी की लिहून घ्या, कारण सिक्युअर बूट बदलताच विंडोज ती मागू शकतं.

[दृश्य: पडद्यावर फोल्डरांची उतरंड. बाण एकेका फाईलवर.]

आता मुख्य काम. पेनड्राइव्ह फॅट३२ करायचा. ओपनकोरच्या पॅकेजमधली मॅकरिकव्हरी ही पायथन स्क्रिप्ट ॲपलच्या सर्व्हरवरून रिकव्हरीची प्रतिमा आणते, काहीशे एमबीची. ती ‘कॉम डॉट ॲपल डॉट रिकव्हरी डॉट बूट’ या फोल्डरमध्ये जाते. तिच्या शेजारी ईएफआय फोल्डर. त्यात ओपनकोर, केक्स्ट, एसएसडीटी आणि सगळ्याचं नियंत्रण करणारी कॉन्फिग डॉट पीलिस्ट.

एसएसडीटी म्हणजे बायोसच्या तक्त्यांना जोडलेली छोटी पुरवणी. पडद्याचा उजेड कमी-जास्त व्हावा म्हणून पीएनएलएफ, प्रोसेसरच्या वीज-व्यवस्थापनासाठी प्लग. कॅटालिना या आवृत्तीपासून मॅक ओएसला ‘ईसी’ नावाचा कंट्रोलर दिसला नाही तर बूट अडतं. म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये खोटा ईसी दाखवावा लागतो. थिंकपॅडमध्ये तो याच नावाने आधीच हजर असतो. दुसऱ्याचा फोल्डर उतरवला की अशा नको असलेल्या पुरवण्याही सोबत येतात.

ग्राफिक्सच्या आकड्यापाशी थोडं थांबू या, कारण काळा पडदा बहुतेकदा इथेच जन्मतो. यूएचडी ६२० चा स्वतःचा ओळख क्रमांक ५९१७. मॅक ओएसला ओळखीचा आहे ५९१६, म्हणजे एचडी ६२०. म्हणून डिव्हाइस-आयडी ५९१६ सांगायचा. पण पीलिस्टमध्ये तो लिहायचा १६ ५९ ०० ००, कारण बाइट उलट्या क्रमाने जातात. प्लॅटफॉर्म-आयडी ८७ सी० ०० ०० असेल तर लिहायचा ०० ०० सी० ८७. जोड्या उलटायच्या, जोडीतले अंक नाहीत. सरळ लिहिलं तर फाईल तक्रार करत नाही, ओपनकोरही करत नाही. पडदा फक्त काळा होतो. शिवाय बायोसने ग्राफिक्ससाठी ३२ एमबीच राखून ठेवली असेल आणि ती वाढवायची सोय नसेल, तर फ्रेमबफरला, म्हणजे पडद्याचं चित्र ठेवणाऱ्या मेमरीला, १९ आणि ९ एमबीचे दोन पॅच देऊन त्याची भूक कमी करावी लागते.

पीलिस्ट प्रॉपरट्री या संपादकात उघडा. कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून ईएफआयमधला ओसी फोल्डर दाखवला की केक्स्ट आणि एसएसडीटीची यादी नव्याने भरली जाते, लिलू पहिला राहील असा क्रमही लागतो. हाताने क्रम लावून लिलूच्या आधी ॲपलएएलसी ठेवला तर पाया नसलेली भिंत उभी केल्यासारखं होतं. शेवटी ओसीव्हॅलिडेट चालवा; स्पेलिंगच्या आणि रचनेच्या चुका ते दाखवतं. बूट-आर्ग्युमेंटमध्ये ‘वजा व्ही’ ठेवा, म्हणजे पडद्यावर ओळी दिसतील; नाहीतर अडकल्यावर फक्त सफरचंद दिसेल आणि कारण कळणार नाही.

मॅकचं मॉडेल म्हणून मॅकबुकप्रो १५,२ सांगायचं. मॅक ओएसच्या सोनोमा आणि सेकोया या दोन्ही आवृत्त्या ते स्वीकारतात. सिरियल नंबर जेनएसएमबायोस या प्रोग्रॅमने तयार होतो. तो ॲपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकून बघा: ‘चुकीचा नंबर’ असं उत्तर आलं पाहिजे. खरा निघाला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी मॅकचा आहे, लगेच बदला.

[दृश्य: एफ१२. बूट मेनू. पेनड्राइव्ह निवडला जातो.]

रिकव्हरी उघडली की डिस्क युटिलिटीत आधी ‘सगळी उपकरणं दाखवा’ निवडा. आतलं पार्टिशन नको, अख्खी डिस्क निवडा: एपीएफएस आणि जीयूआयडी. मग इन्स्टॉल. पुढे १२-१३ जीबी इंटरनेटवरून उतरतं, म्हणून लॅन केबल. या लॅपटॉपचं इंटेल लॅन इंटेलमॉझी केक्स्टवर लगेच चालतं. पुण्यात हे काम गुरुवारी सुरू करू नये. देखभालीसाठी वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, राउटर धरत नाही. मशीन तीन-चार वेळा आपोआप रीस्टार्ट होतं. मेनूत ‘मॅक ओएस इन्स्टॉलर’ दिसेल तोवर दर वेळी हीच नोंद निवडायची. पुन्हा रिकव्हरी निवडली की लोक पहिल्या पायरीवर परत येतात आणि इन्स्टॉल फसलं असं समजतात.

[दृश्य: पुन्हा तोच काळा पडदा, तीच थांबलेली ओळ.]

इथे थांबलं तर पीलिस्टच्या बूटर विभागातले मेमरीचे क्वर्क, म्हणजे ओपनकोरचे छोटे फेरफार, तपासा, आणि सीएफजी लॉक. प्रोसेसरचं ई२ हे रजिस्टर बायोसने कुलूपबंद केलेलं असतं, कर्नलला तिथे लिहायचं असतं. बायोसमध्ये पर्याय नसेल तर ‘ॲपल-एक्ससीपीएम-सीएफजी-लॉक’ हा क्वर्क चालू करा. ‘स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ वर अडकलं तर मॅकला पेनड्राइव्ह किंवा डिस्क दिसेनाशी झाली आहे. पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावा आणि साटाची सेटिंग पुन्हा बघा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. तीन बदल एकदम करून बूट झालं तर कशामुळे झालं ते कधीच समजत नाही.

[दृश्य: मॅक ओएसचा डेस्कटॉप. मेनूबारमध्ये बॅटरीचं चिन्ह.]

डेस्कटॉप आला, तरी काम बरंच बाकी आहे. ईएफआय फोल्डर पेनड्राइव्हवरून डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर न्यायचा आणि पेनड्राइव्ह तसाच जपून ठेवायचा. बॅटरीचा आकडा दिसत नसेल तर ईसीएनेबलर घाला: मॅकचा बॅटरी ड्रायव्हर कंट्रोलरमधून आठ बिटांपेक्षा मोठा आकडा एका दमात वाचू शकत नाही, तो अडसर हा केक्स्ट दूर करतो. आवाजासाठी एएलसी २५७ या चिपचे लेआउट क्रमांक एकेक लावून बघायचे. स्पीकर वाजला तरी हेडफोन आणि माईक वेगळे तपासा. बोटांचा ठसा वाचणारा सेन्सर चालणार नाही, तो विषय सोडून द्या.

यूएसबीचा नकाशा मात्र टाळू नका. मॅक ओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्ट मानतं आणि यूएसबी ३ चं एक भोक दोन पोर्ट म्हणून मोजतं. कॅमेरा आणि ब्लूटूथही आतून यूएसबीवरच असतात. यूएसबीटूलबॉक्स विंडोजमध्ये चालवून प्रत्येक भोकात एकदा यूएसबी २ चं आणि एकदा ३ चं उपकरण घाला, आतल्या उपकरणांना ‘अंतर्गत’ म्हणून खूण करा.

अपडेटच्या आधी ओपनकोर आणि केक्स्ट नवे करायचे, मग मॅक ओएस. वायफायचा एअरपोर्ट-आयटीएलडब्ल्यूएम हा केक्स्ट प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा येतो. सोनोमाचा केक्स्ट सेकोयावर तसाच चालत नाही. आणि या लॅपटॉपला सेकोयावरच थांबवा. टाहो २६ ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती, असं ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. तिने १५,२ मॉडेल सोडलंय, आणि एचडीए आवाजाचा जुना ड्रायव्हरही तिच्यात नाही, त्यामुळे ॲपलएएलसीला धरायला काही उरत नाही.

[दृश्य: रात्र. लॅपटॉपचं झाकण मिटतं. शेजारी वही, वहीत बॅटरीचा आकडा.]

शेवटची तपासणी लॅपटॉपच्या झोपेची, म्हणजे स्लीपची. टर्मिनलमध्ये पीएमसेट या आदेशाने हायबरनेटमोड शून्य करा, झाकण मिटा आणि बॅटरीचा आकडा लिहून ठेवा. थिंकपॅडच्या झाकणावरचा लाल दिवा संथपणे उजळत-मावळत राहिला पाहिजे. सकाळी झाकण उघडून आकडा पुन्हा बघा. रात्रीत खूप उतरला असेल तर पीएमसेटच्या नोंदीत जाग आल्याचं कारण सापडतं. तिथे एक्सएचसी, म्हणजे यूएसबीचा कंट्रोलर, असं लिहिलेलं दिसलं, तर यूएसबीचा नकाशा पुन्हा उघडायचा आणि ब्लूटूथचा पोर्ट ‘अंतर्गत’ केलाय का ते आधी बघायचं.