‘करमत नाही’ म्हणजे ‘बोअर्ड’ नव्हे
(इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या गणेशोत्सव मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा लांबण लावत नाही.

आपल्याकडे लेस्टर, लेस्टरशायर आणि रटलंडमध्ये मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी या दोन्ही सरकारी सेवा एकाच संस्थेच्या हातात आहेत, लेस्टरशायर पार्टनरशिप एनएचएस ट्रस्ट. ग्लेनफील्ड हॉस्पिटलच्या आवारातलं ब्रॅडगेट युनिट, म्हणजे मानसिक आजारांचं रुग्णालय, तिचंच. कुणाची गाडी तिकडे दिसली की आपल्यात कुजबुज होते, ते सोडा.

मला बोलायचंय शब्दांबद्दल. महाराष्ट्रात ‘एलडी’ (लर्निंग डिसॅबिलिटी) म्हटलं की डिस्लेक्सिया, म्हणजे लिहा-वाचायची अडचण, आणि परीक्षेत जादा वेळ. इथे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बौद्धिक अक्षमता. डिस्लेक्सिया त्यात धरत नाहीत. त्यामुळे कुणी फॉर्मवर भलतीकडेच खूण करतं, आणि ज्याच्या घरी खरंच तसं मूल आहे तो लोक काय म्हणतील म्हणून गप्प. नुकसान पोराचं. जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, लर्निंग डिसॅबिलिटी रजिस्टरवर नाव असेल, तर चौदाव्या वर्षापासून दरवर्षी सगळी तपासणी होते. पोट दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. तो चिडतो, आणि आपण म्हणतो, हट्टी झालाय.

आता माझीच चूक सांगते. सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, “करमत नाही हो. कशात जीव लागत नाही.” मी ठोकून दिलं, “शी इज बोअर्ड.” त्यांनी तेच लिहून घेतलं. त्या पुढे पुटपुटल्या, “आता देवानं न्यावं.” ते तर मी गिळूनच टाकलं. सुनेच्या तोंडून कसं निघणार?

दुभाषा मोफत मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ म्हणून सांगा; नाहीतर आडनाव बघून हिंदी किंवा गुजराती समोर येतं. टॉकिंग थेरपीला, म्हणजे बोलून करायच्या मानसोपचाराला, जीपीची चिठ्ठी लागत नाही, स्वतः नाव नोंदवता येतं. मन फारच बिथरलं तर १११ फिरवून २ दाबा, रात्री-अपरात्रीसुद्धा. जिवावरच बेतलं असेल तर ९९९.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे फोनवर मराठी दुभाषी बाई होत्या. सासूबाईंनी आधी विचारलं, “गाव कुठलं गं तुझं?” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू जरा बाहेर बस.”

पाऊण तास मी बाहेर बसले होते.