बाकांची अदलाबदल

श्रोतेहो, नमस्कार.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९९७ च्या ऑगस्टअखेरीस संसदेचे विशेष अधिवेशन भरले आणि १ सप्टेंबर रोजी एक ठराव एकमताने संमत झाला. प्रश्नोत्तराचा तास आम्ही अबाधित ठेवू, अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरणार नाही आणि घोषणाबाजी करणार नाही, असे खासदारांनी त्यात स्वतःलाच बजावले होते. या ठरावाला विरोध करणारा एकही पक्ष तेव्हा सापडला नाही. पुढच्या काळात तो कसोशीने पाळणारा एखादा मोठा पक्ष शोधायला गेलो, तर तोही सापडत नाही.

प्रश्नोत्तराचा तास बुडतो म्हणजे नेमके काय होते, ते थोडे जवळून पाहू. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न लागतात. त्यासाठी सदस्याने किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यायची असते आणि कोणाचा प्रश्न यादीत वर येणार हे सोडतीने ठरते. समजा, विदर्भातल्या एका खासदाराचा कापूस खरेदी केंद्रांविषयीचा प्रश्न अशा सोडतीतून पहिल्या पाचांत आला. मंत्र्यांचे छापील उत्तर सभागृहाच्या पटलावर येतेच. पण ते खात्याच्या अधिकाऱ्यांनी घोटून घोटून गुळगुळीत केलेले असते. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नाची, म्हणजे त्या उत्तरावर सभागृहात लगेच विचारलेल्या प्रश्नाची, कारण तिथे मंत्र्याला उभे राहून, समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर द्यावे लागते. सकाळी अकरा वाजता फलक झळकले, अध्यक्षांनी चार वेळा ‘बसून घ्या’ म्हटले आणि कामकाज बारापर्यंत तहकूब झाले, की छापील उत्तर तेवढे शिल्लक राहते आणि पुरवणी प्रश्न हवेत विरतो. लोकसभेच्या हिंदी कार्यवृत्तात अशा जागी कंसात एकच शब्द छापलेला असतो, ‘व्यवधान’. गोंधळ विरोधकांनी घालायचा आणि सुटका मंत्र्यांची व्हायची, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आता या व्यवहाराचे समर्थन कोण करतो आणि निषेध कोण करतो, ते पाहा. २०१० चे हिवाळी अधिवेशन टू-जी स्पेक्ट्रम या दूरसंचार लहरींच्या वाटपाच्या प्रकरणी संयुक्त संसदीय समितीच्या मागणीवरून जवळजवळ संपूर्ण वाहून गेले. २०१२ चे पावसाळी अधिवेशन कोळसा खाणवाटपावरून तसेच गेले. तेव्हा विरोधी बाकांवर भारतीय जनता पक्ष होता, आणि संसद चालू न देणे हाही लोकशाहीचाच एक प्रकार आहे, अशा आशयाची भूमिका सुषमा स्वराज आणि अरुण जेटली या दोन्ही सभागृहांतल्या विरोधी पक्षनेत्यांनी जाहीरपणे मांडली होती. काँग्रेसचे मंत्री त्या वेळी वाया गेलेल्या मिनिटांचा आणि जनतेच्या पैशाचा हिशेब मांडत होते.

तीनच वर्षांनी तोच हिशेब दुसऱ्या तोंडून ऐकू आला. २०१५ च्या पावसाळी अधिवेशनात आयपीएलचे माजी प्रमुख ललित मोदी आणि मध्य प्रदेशातला परीक्षा घोटाळा ‘व्यापम’ या प्रकरणांवरून काँग्रेसचे सदस्य हौद्यात उतरले आणि मूळच्या चिपळूणच्या असलेल्या लोकसभाध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी त्यांच्यापैकी २५ जणांना पाच दिवसांसाठी निलंबित केले. वस्तू व सेवा कराचे विधेयक विरोधकांमुळे रखडते आहे, अशी हाकाटी तेव्हा सत्ताधाऱ्यांनी केली. २०११ मध्ये मांडल्या गेलेल्या त्याच कराच्या विधेयकाला भाजपचेच गुजरात सरकार विरोध करत होते, हा इतिहास काही फार जुना झालेला नव्हता. पुढे ३० जून २०१७ च्या मध्यरात्री मध्यवर्ती सभागृहात या कराचा सोहळा झाला, तेव्हा ज्या काँग्रेसने तो कर मुळात आणू पाहिला होता ती गैरहजर राहिली.

एप्रिल २०१८ मध्ये तर उपोषणांची चढाओढ लागली. ९ एप्रिलला जातीय सलोख्यासाठी काँग्रेसने एक दिवसाचे उपोषण केले आणि त्याच सकाळी तिच्या दिल्लीतल्या काही नेत्यांचे छोले-भटुरे खातानाचे छायाचित्र देशभर फिरले. १२ एप्रिलला पंतप्रधानांसह भाजपचे खासदार उपोषणाला बसले, कारण काय, तर विरोधक संसद चालू देत नाहीत.

गोंधळ कधीच समर्थनीय नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. २०११ मध्ये टू-जीसाठी संयुक्त समिती नेमली गेली ती त्या वाहून गेलेल्या अधिवेशनामुळेच. डिसेंबर २०२३ मध्ये दोन तरुण प्रेक्षक सज्जातून लोकसभेत उडी मारतात आणि त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे अशी मागणी होते, ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ सदस्य निलंबित झाले आणि त्यांच्या गैरहजेरीत भारतीय दंड संहितेची जागा घेणारा कायदा मंजूर झाला. काँग्रेसने याला लोकशाहीची हत्या म्हटले. मार्च १९८९ मध्ये, राजीव गांधी सत्तेवर असताना, इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून एकाच दिवशी ६३ खासदारांना बाहेर काढले होते, याची आठवण मात्र तिने काढली नाही. माझी तक्रार गोंधळाविषयी नाही. अध्यक्षांच्या उजव्या हाताच्या सत्ताधारी बाकांवरून डाव्या हाताच्या विरोधी बाकांकडे बसायला गेले, की माणसाचे तत्त्वही कूस बदलते, त्याविषयी आहे.

बाक सोडूनही तत्त्व न सोडणारी माणसे याच संसदेत होऊन गेली. आणीबाणीत लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली, तेव्हा पाच वर्षांचा कौल संपला असे मानून तुरुंगात असलेल्या समाजवादी नेते मधू लिमयांनी १९७६ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. शरद यादवांनीही दिला. अशा राजीनाम्यांची यादी एवढ्यावरच जवळजवळ संपते.

जाता जाता १४ मार्च २०१८ च्या दिवसाविषयी सांगायला हवे. त्या अधिवेशनात रोजच गदारोळ होता आणि त्या गदारोळातच लोकसभेने साऱ्या अर्थसंकल्पी मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना, सुमारे अर्ध्या तासात मंजूर केले. त्याआधी चार वर्षे, २०१४ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांना परदेशी देणग्यांच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी ठरवले होते. त्या वित्त विधेयकात एक छोटेसे कलम होते. परदेशी मालकीच्या काही भारतीय कंपन्यांना परदेशी देणगीदार न मानण्याची सवलत त्याने मागे नेऊन थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू केली, म्हणजे दोघांच्याही जुन्या देणग्या त्या सवलतीच्या छायेत आल्या. महिनाभराने दोन्ही पक्ष वेगवेगळ्या दिवशी उपोषणाला बसले, तेव्हा त्यांच्या कोणत्याही फलकावर या कलमाचा उल्लेख नव्हता.