दर्ज किती भरायची?

मंडळी, लाकडी होडीची दर्ज (दोन फळ्यांमधली फट) भरायची म्हणजे भोक बुजवायचं, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं असतं तर सिमेंटनंही भागलं असतं. दोन फळ्यांमधली दर्ज ही हलती जागा आहे. लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हात आटतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र चांगलाच जाणवतो. सागवान यात सगळ्यांत शहाणं. तरी ओला साग पार कोरडा होईपर्यंत, फळी कशी चिरली आहे त्याप्रमाणे, अडीच ते सहा टक्क्यांच्या आसपास आटतोच. होडी इतकी कधी सुकत नाही हे खरं. पण २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीतला ओलावा दहा टक्क्यांनी उतरला, तर ती दोन ते चार मिलिमीटर अरुंद होते. मासेमारीबंदी १ जूनला लागते आणि काहीजण त्याआधीच, भर मेच्या उन्हात, होडी वर ओढून उघडी टाकतात. मग दर्जांतून पलीकडचा उजेड दिसला तर सुताराला बोल कशाला लावायचा?

भरायच्या कामाकडे वळू. जुनं भरण आकडीनं उकरून काढायचं, अगदी तळापर्यंत. इथे आळस केला की पुढचं सगळं फुकट, कारण कुजक्या कापसावर नवा कापूस धरत नाही. दर्ज स्वच्छ झाली की तिचा आकार बघा. बाहेरच्या बाजूला ती किंचित उघडी आणि आत फळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात. आतही फट असेल तर कापूस ठोकताना सरळ पलीकडे पडतो. कापसाची सैल वळलेली वात बोथट छिन्नीनं आधी नुसती टेकवत जायचं. फट अरुंद तिथे वात सरळ, रुंद तिथे तिचे लहान लहान वेढे. मग दुसऱ्या फेरीत लाकडी हातोड्यानं ती बसवायची. जाणता माणूस हे काम निम्मं कानानं करतो. सुरुवातीला आवाज बद्द येतो, कापूस बसत गेला की बदलतो, आणि तिथे हात थांबवायचा असतो. कापसावर थोडी जागा शिल्लक ठेवून राळ आणि तेल कढवून केलेलं लुकण भरायचं. ते बोटानं दाबलं तर दबलं पाहिजे.

हात न थांबवणारे नवशिके मी बरेच बघितले आहेत. जितकं ठासू तितकं पक्कं, असं त्यांना वाटतं. होडी पाण्यात गेली की फळी फुगते, कापूसही फुगतो, आणि दोघांना जागा उरत नाही. मग फळी आतल्या फासळीवरून उचलली जाते, खिळे ओढले जातात.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक वाट होती, आणि माझ्या मते ती जास्त हुशारीची. १७७० च्या दशकात सुरतेला आलेल्या स्टाव्होरिनस या डच दर्यावर्दीनं ती नोंदवून ठेवली आहे. फळ्यांच्या कडा सपाट न ठेवता एकीत दुसरी बसेल अशा खाचेच्या करायच्या. एका कडेला शेंदूर फासून दुसरी फळी वर दाबायची. जिथे लाल डाग उमटेल तिथे उंचवटा, तो तासून काढायचा. कडा पुरत्या जुळल्या की त्यांवर डिंकासारखं चिकट द्रव्य, त्यावर कापसाचा पातळ थर, आणि मग फळ्या आवळून टाकायच्या. सांधा शोधूनही सापडू नये, असं काम. म्हणजे इथे भरण मागाहून ठोकायचं नाही, बांधतानाच आत ठेवायचं. याच सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला आले आणि तिथल्या गोदीत त्यांच्या घराण्यानं पुढे पिढ्यान्‌पिढ्या सागाची जहाजं बांधली.

हल्ली विचारतात, ही कटकट कशाला, वरून फायबर चढवू का? नव्या, कोरड्या, पातळ पट्ट्या चिकटवून बांधलेल्या होडीवर जरूर चढवा. जुन्या फळ्यांच्या होडीवर मात्र नको. आत लाकूड हलत राहतं, फायबर हलत नाही, कुठेतरी ते सुटतं. त्या पोकळीत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून होडी चकचकीत दिसते आणि आत फळीत सुरी लोण्यासारखी जाते.

आता मागून प्रश्न आला आहे, की होडी उतरवल्या दिवशीच पाणी येतं, लगेच वर ओढावी का? नाही. उतरवण्याआधी काही दिवस फळ्यांवर ओली गोणपाटं टाका. उतरवल्यावर पंप लावून ठेवा, रात्री कुणीतरी होडीवर राहा, आणि फळ्यांना फुगायला दोन-चार दिवस द्या. त्यानंतरही पाणी येत असेल, तर आत जिथे ओल दिसते तिथेच गळती आहे असं धरू नका. पाणी फासळ्यांच्या आडून वाहत भलतीकडे निघतं. ओहोटीला होडी टेकली की आत साठलेलं पाणी बाहेर कुठून झिरपतंय ते खालून वाकून बघा आणि तेवढ्याच जागेवर खडूनं खूण करा.