डावा हात कोठे शे?

(प्लायच्या खालून घेतलेलं दृश्य. अंधार. वरून भुसा झरतोय. एकदम पात्याचं टोक बाहेर येतं, आत जातं, पुन्हा बाहेर येतं.)

जिगसॉ म्हणजे वरखाली होणाऱ्या अरुंद पात्याची, हातात धरायची विजेची करवत. ती चालवणाऱ्याला हे कधी दिसत नाही. तो वरच्या बाजूला असतो. त्याला पेन्सिलची रेघ दिसते, मशीनची तळपट्टी दिसते आणि पात्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दिसतो. खाली मात्र दीड-दोन इंच उघडं पातं वरखाली होत असतं. मशीन पूर्ण वेगात असेल तर मिनिटाला 3000 वेळा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा. त्याच्याभोवती कसलंही झाकण नाही. म्हणून आम्ही कॅमेरा आधी इथं, खाली ठेवला.

(बाहेर. पत्र्याची शेड, दारात ओली माती, लांबवर डोंगराची निळी रेघ.)

हे खानदेशात चोपडा तालुक्यातलं एक गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. श्रावण लागलाय. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, इकडची देवी, बसेल. भाऊबंद गोळा होतील, रोट होतील, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होईल. त्याआधीचा आठवडा सुतारांना श्वास घ्यायला वेळ नसतो. चौरंगाचा पाय हलतोय, पाट हवाय, आणि अलीकडे बऱ्याच घरांना कानबाईच्या मागे लावायला प्लायची महिरप हवी असते. पानाफुलांचे बाक, मध्ये कमान, दोन्ही बाजूंना वळणं. असं वळणावळणाचं काम गोल पात्याच्या मशीनवर होत नाही. ते जिगसॉचं काम.

शेडमध्ये मामा आहेत. गाव त्यांना मिस्त्री म्हणतं. आम्हीही मामाच म्हणायला लागलो, कारण त्यांच्या हाताखाली त्यांचा भाचा शिकतोय आणि दिवसभर त्याच्या तोंडी तोच एक शब्द. मामा फार बोलत नाहीत. मशीन सुरू व्हायच्या आधी एकच प्रश्न विचारतात, अहिराणीत.

"डावा हात कोठे शे?"

डावा हात कुठं आहे? भाच्यानं उत्तर द्यायचं, तेही हात दाखवून. मगच खटका दाबायचा.

(भाच्याचे दोन्ही हात जवळून. उजवा मुठीवर. डावा मशीनच्या पुढच्या भागावर.)

उजव्या हाताची काळजी नाही, तो मुठीवर अडकलेला असतो. डावा मोकळा असतो. लाकूड थरथरलं की तो आपसूक आधार द्यायला जातो, आणि आधार नेमका खालून दिला जातो. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावर तीन टाक्यांची खूण आहे. कपाटाच्या पाठीला पाइपसाठी भोक पाडत होतो. फळी मांडीवर घेतली होती, फळी घट्ट आवळून धरणारा शिकंजा लावायचा कंटाळा केला होता. कापून सुटणारा तुकडा खाली पडून फुटू नये म्हणून हात खाली नेला. दुखलं ते नंतर. आधी नुसता एक झटका बसला आणि भुसा लाल झाला. पात्याचे दात वरच्या दिशेला असतात. ते चाकूसारखी सरळ चीर पाडत नाहीत, मांस फाडतात. डॉक्टरांना टाके घालायला कड सापडत नव्हती.

ही फिल्म करायचं तेव्हापासून मनात होतं.

(शिवणयंत्राची सुई कापडात जाताना.)

या मशीनची गोष्ट शिवणयंत्रापासून सुरू होते. 1946 साली स्वित्झर्लंडमध्ये सिंटिला नावाच्या कंपनीत आल्बर्ट काउफमान नावाचे इंजिनीअर होते. त्यांनी शिवणयंत्रातली सुई काढून तिथं करवतीचं पातं बसवलं. त्यातून पुढं हातात धरून चालवायची जिगसॉ आली. ज्या घरात शिलाई मशीन आहे त्या घरातल्या बाईला सुईखाली बोट गेलं की काय होतं ते सांगावं लागत नाही. इथं सुईच्या जागी करवत आहे, आणि ती घट्ट जागेवर नसून तुमच्या हाताबरोबर फिरते आहे.

आज दोन-तीन हजारांत जिगसॉ घरपोच येते. ज्यानं कधी रंधा धरला नाही, पटाशीला धार लावली नाही, तोही ती घेतो. यात वाईट काही नाही. स्वतःच्या हातानं घरचं काम करावं, मला त्याचा आनंदच आहे. फक्त मामांकडे भाचा पहिले आठ दिवस जे शिकला ते खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात असतं, आणि तो कागद पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर माळ्यावर जातो.

(मामा पातं बदलताना. आधी पिन बोर्डातून काढतात आणि ती मशीनशेजारी, डोळ्यांसमोर ठेवतात.)

पातं बदलायचं तर पिन बाहेर. बटण बंद केलं एवढ्यावर मामा थांबत नाहीत. पिन अशी समोर ठेवतात की भाच्यालाही दिसावी. नुकतंच काम झालेलं पातं कडक तापलेलं असतं, म्हणून ते पकडीनं काढायचं. नवं पातं दात पुढं करून आत सरकवायचं, खट् असा आवाज यायला हवा, आणि मग ते एकदा ओढून बघायचं. पात्याची पाठ मागच्या छोट्या चाकाच्या खाचेत टेकलीय का, तेही बघायचं. ती टेकली नसेल तर वळणावर पातं वाकतं आणि मोडतं.

कुठलं पातं घ्यायचं? लाकडाला मोठे दात, इंचाला 6 ते 10. पत्र्याला बारीक, इंचाला 20 च्या आसपास किंवा जास्त. मामांचा हिशोब सोपा आहे: कापायच्या वस्तूच्या जाडीत निदान दोन दात मावले पाहिजेत. पातळ पत्र्यावर लाकडाचं पातं लावलं तर पत्रा दोन दातांमध्ये अडकतो आणि मशीन थयथय नाचायला लागतं. बोथट पात्याचंही तसंच. ते कापत नाही म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावताना हात निसटतो. मामांच्या शेडमध्ये बोथट पात्यांसाठी पत्र्याचा जुना डबा आहे. त्यात पडलेलं पातं परत मशीनला लागत नाही.

(12 मिलिमीटरची प्लाय दोन लाकडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या तिवयांवर. शिकंजे आवळताना जवळून.)

आता महिरप. प्लायची चांगली बाजू खाली केलीय, कारण दात वर येताना कापतात आणि ढलप्या वरच्या बाजूला उडतात. रेघ उलट्या बाजूवर काढायची. सनमाइका लावलेला असेल तर रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली की ढलप्या कमी उडतात. उलट्या दातांचंही पातं मिळतं, त्यानं वरची कड स्वच्छ राहते. पण ते मशीनला वर ढकलतं, म्हणून नवख्यानं सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन शिकंजे लागले, प्लाय हलत नाही. आता मामा एक गोष्ट करतात जी मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिली नाही. ते गुडघ्यावर बसतात आणि रेघेच्या खालून हात फिरवतात. मशीन अजून बोर्डाला लागलेलंही नाही. खाली घोडीचा आडवा दांडा रेघेच्या वाटेत येतोय का? वायर लोंबतेय का? कुणी खोका सरकवून ठेवलाय का? पात्याचं टोक खाली कशावर आदळलं तर मशीन वर उसळतं. सगळं मोकळं आहे हे बघून ते हात बाहेर काढतात. त्यानंतर काम संपेपर्यंत तो हात खाली जात नाही.

भाच्याच्या मनगटावर गंडा आहे. सैल दोरा बाहीत खोचलाय. गळ्यातला रुमाल खुंटीला. हातमोजे नाहीत, कारण सैल सुती मोज्याचा धागा पात्यानं ओढला की बोटही त्याच्यामागे जातं. डोळ्यांवर चष्मा आहे, आपला नंबरचा नाही, बाजूनं बंद असलेला. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा त्या चष्म्याच्या आत घाम साचतो. त्या दिवसांत मामा कापायचं काम सकाळी दहाच्या आत उरकतात आणि मूठ दर थोड्या वेळानं फडक्यानं पुसतात. ओल्या हातातून मूठ फिरते.

नाकावर मास्क आहे, सुती रुमाल नाही. लाकडाची बारीक धूळ रुमालातून आत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलंय. नाक आणि नाकाभोवतालच्या पोकळ्यांना तिचा धोका असतो. पंखा लावायचा तर धूळ दाराकडे जाईल असा. समोरून तोंडावर मारणारा फर्राटा धूळ तुमच्याच नाकात घालतो.

"डावा हात कोठे शे?"

भाचा हात दाखवतो.

(मशीन सुरू होतं. पातं अजून लाकडाला लागलेलं नाही.)

तळपट्टी प्लायवर टेकली, पातं रेघेपासून जरा अलीकडे. आधी वेग येऊ द्यायचा, मग पुढं सरकायचं. पातं लाकडात टेकवून खटका दाबला तर पहिल्याच झटक्याला मशीन उडी मारतं. तळपट्टी सगळीकडून दाबून ठेवायची, ती उचलली की थरथर सुरू. मशीन पुढं ढकलायचं नाही, पातं जेवढं खाईल तेवढंच द्यायचं. पातं पुढेमागे झुलवणारा खटका मामांनी शून्यावर ठेवलाय. सरळ जाड लाकूड झपाट्यानं कापायला तो झोका कामाला येतो. वळणावर तो कड बिघडवतो.

महिरपीच्या पानाशी आवळ वळण आहे. इथं मशीन पिळायचं नाही. मामांनी आधीच टाकाऊ भागातून रेघेपर्यंत छोटे छोटे काप घेऊन ठेवलेत, म्हणजे तुकडे सुटत जातात आणि पात्याला वळायला जागा होते. मधल्या जाळीसाठी आधी ड्रिलनं 10 मिलिमीटरचं भोक, त्यातून पातं आत. पातं तिरकं टेकवून घुसवायची युक्ती तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल. मामा ती भाच्याला शिकवत नाहीत.

आणि थांबणं. खटका सोडला की पातं लगेच थांबत नाही. भाचा मशीन तसंच टेकवून उभा आहे. एक, दोन, तीन. आवाज पूर्ण गेला. मग उचललं.

(वाड्यातलं जुनं सागवान. मामा लोहचुंबक फिरवताना.)

आपल्या भागात धाब्याची घरं पडतात तेव्हा त्यातलं सागवान सुतारांकडे येतं. सोन्यासारखं लाकूड. पण पिढ्यान्‌पिढ्यांचे खिळे त्याच्या आत गाडलेले असतात, वरून रंगाचा थर. चुंबक फिरवल्याशिवाय मामा त्याला मशीन लावत नाहीत. दोन इंचांच्या वरच्या तुळईला तर लावतच नाहीत. जाड लाकडात पातं खाली कुठं भरकटलं ते वरून कळत नाही. तिथं ते हातकरवत घेतात, आणि त्या करवतीचा आवाज ऐकायला मला फार बरं वाटतं.

(बल्ब विझतो. मशीन थांबतं.)

लाईट गेली. हे ठरवून घेतलेलं दृश्य नाही, खरंच गेली.

आता नीट बघा. बऱ्याच जिगसॉंना खटका दाबून धरायला लागू नये म्हणून बाजूला एक छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका अडकून राहतो. अशात लाईट गेली, माणूस मशीन फळीवर ठेवून चहाला गेला, आणि अर्ध्या तासानं लाईट आली तर? शेडमध्ये कुणी नसताना मशीन आपोआप सुरू होतं, फळीवरून सरकतं, खाली पडतं. शेडच्या दारात शेजारची पोरं खेळत असतात. मामा हाताच्या मशीनला ते बटण कधी लावत नाहीत. शिवाय अंधार झाला की भाच्याचा हात आधी पिनेकडे जातो. आत्ता गेला, बघितलंत?

बोर्डाबद्दल एवढंच: पावसात शेडची जमीन ओली असते. पायात रबरी चप्पल, वायर खांद्यामागून, पात्याच्या वाटेपासून लांब. गळतीचा करंट पकडून लाईन पाडणारा 30 मिलिअँपिअरचा स्विच बोर्डात असावा. वायरचं साल निघालं असेल तर चिकटपट्टी गुंडाळत बसू नका, वायर बदला.

आणि कापलंच, तर स्वच्छ कापड घट्ट दाबायचं, हात वर धरायचा आणि दवाखाना गाठायचा. हळद नाही, चहाची पूड नाही. डॉक्टरांना ती जखमेतून धुऊन काढावी लागते आणि तेवढा वेळ जातो. बोटाचा तुकडा पडला असेल तर स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते डॉक्टरांना सांगायचं.

(चाळीस मिनिटांनंतर. बल्ब लागतो, पंखा फिरायला लागतो. मशीन फळीवर गप्प. पिन बाजूला पडलेली.)

लाईट आली. महिरपीची चार इंच रेघ राहिलीय. भाचा चष्मा पुसतो. शिकंजे हातानं हलवून बघतो, गुडघ्यावर बसून खालून एकदा हात फिरवतो, उठतो. पिन लावतो. मामा दुसऱ्या चौरंगाचा पाय बसवताहेत, त्यांची पाठ आमच्याकडे आहे.

"मामा, डावा हात वर शे."

"चालू दे."

(पात्याचा आवाज. शेवटचा तुकडा भुशात पडतो. आवाज हळूहळू विरतो. भाचा मशीन उचलतो.)