नव्या घरातलं 'टी'चं बटण

नमस्कार, श्रोतेहो. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की आपण टाइल्स वाजवून पाहतो, नळ सोडून पाहतो. दारामागचा डीबी, म्हणजे विजेच्या खटक्यांची पेटी, मात्र कुणी उघडत नाही. आज त्या पेटीतल्या एकाच वस्तूबद्दल बोलायचंय, वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीबद्दल. वायरमन बरेचदा तिलाच ईएलसीबी म्हणतात.

आमच्या मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगत बसलेली, आणि सारखी घरभरची वीज जायची. डीबीतला तो रुंद खटका, म्हणजे आरसीसीबी, पडायचा. वायरमन आला, म्हणाला, "काकू, हा फार नाजूक आहे. हा वगळून तार डायरेक्ट करून देतो." मावशी तयारच होती. पण माझे थोरले भाऊ, जन्मभर विजेच्या लाइनवर काम केलेले, भरल्या पानावरून उठले. "हात लावू नकोस!" त्यांनी सगळे एमसीबी, म्हणजे खोलीखोलीचे छोटे खटके, पाडले आणि एकेक वर केला. हॉल, ठीक. स्वयंपाकघर, ठीक. बाथरूमचा वर केला आणि खट्! तिथला गीझर जुन्या घरून आणलेला. एलिमेंट फुटून वीज पाण्यात उतरत होती. दादांनी विचारलं, "मावशी, जुन्या घरी नळाला झिणझिण्या यायच्या का गं?" ती सहज म्हणाली, "यायच्या की. म्हणून तर मी लाकडी पाटावर उभी राहून पाणी काढायचे." पंगत गप्प झाली. जुन्या घरात आरसीसीबी नव्हतीच.

फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जेवढी वीज जाते, तेवढीच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत यायला हवी. घरातल्या आरसीसीबीवर साधारणपणे 30 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. तेवढी वीज वाट चुकली, की ती क्षणात पुरवठा तोडते. एमसीबी तार वाचवतो, माणूस वाचवते आरसीसीबी. पुन्हा सांगतो, माणूस वाचवते आरसीसीबी. ती डायरेक्ट करू देऊ नका.

  

तर, आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. खटका पडायलाच हवा. नाही पडला, तर त्याच दिवशी वायरमन बोलवा. ताब्याला 5 वर्षं झाली नसतील आणि दोष कामाचा असेल, तर बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्यानं 30 दिवसांत, विनामूल्य दुरुस्ती करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मावशी दर एक तारखेला ते बटण दाबते. नमस्कार.