सलाईनच्या बाटल्यांचा हिशेब

(दृश्य: जळीत कक्ष. स्टँडला अडकवलेली बाटली, पडणारे थेंब.)

वजन 60 किलो, अंग 40 टक्के भाजलेलं. असा पेशंट धुळ्याला किंवा जळगावला दाखल झाला, की ड्युटीवरचा डॉक्टर आधी गुणाकार करतो. 4 मिली गुणिले वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी. उत्तर 9,600 मिली. एवढं रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षार मिसळलेलं सलाईन, पहिल्या 24 तासांत द्यायचं, त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत. हे 8 तास भाजल्यापासून धरायचे, दाखल झाल्यापासून नव्हे. धडगावहून यायला 3 तास गेले असतील, तर तेच 4,800 मिली उरलेल्या 5 तासांत बसवावं लागतं, म्हणजे ताशी 960.

गुणाकाराने फक्त सुरुवात होते. पुढचा वेग लघवी ठरवते. नळी घालून दर तासाला मोजायचं. मोठ्या माणसाला तासाला 30 ते 50 मिली झाली, तर ठीक. कमी झाली तर मूत्रपिंडं धोक्यात, आणि सलाईन जास्त गेलं तर फुफ्फुसांत पाणी. म्हणजे अशा प्रत्येक खाटेपाशी तासातासाला कुणीतरी उभं राहायला हवं.

एका पेशंटला अर्ध्या लिटरच्या 19-20 बाटल्या. असे 1,000 पेशंट एकाच दिवशी आले तर? 19 हजारांहून जास्त बाटल्या, त्याही पहिल्याच दिवशी. ड्रेसिंग, रक्त, वेदनाशामक, त्वचारोपण, निर्जंतुक पाणी हे सगळं वेगळंच. आणि 1,000 हा आकडा अण्वस्त्राच्या मानाने फारच लहान आहे.

(दृश्य: हिरोशिमा, ऑगस्ट 1945ची छायाचित्रं.)

अणुबॉम्ब पडला तेव्हा हिरोशिमात जवळपास 300 डॉक्टर होते. त्यातले 270 मेले किंवा जखमी झाले. 1,780 परिचारिकांपैकी 1,654 जणींची तीच गत. दवाखाने शहरातच असतात, डॉक्टरही शहरातच राहतात. भुसावळचा नकाशा पाहा: जंक्शन, बाजार, दवाखाने, सगळं काही किलोमीटरांच्या आत.

1962 साली बॉस्टनच्या काही डॉक्टरांनी आपल्याच शहरावर बॉम्ब पडला असं धरून हिशेब मांडला आणि तो वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्याच पद्धतीने एक साधं गणित करता येतं. वाचलेल्या एका डॉक्टरमागे 1,000 जखमी, प्रत्येकाला 10 मिनिटं, डॉक्टर रोज 20 तास उभा. सगळ्यांना एकदा नुसतं बघायलाच आठ दिवस लागतात. भाजलेल्याचे 8 तास तर पहिल्याच दिवशी संपतात.

त्या बॉस्टनच्या मंडळींत बर्नार्ड लाऊन हे हृदयरोगतज्ज्ञ होते. बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला झटका देणारं डिफिब्रिलेटर यंत्र आज ज्या रूपात वापरलं जातं, त्यामागे त्यांचं मोठं काम आहे. सोव्हिएत संघातले हृदयरोगतज्ज्ञ येवगेनी चाझोव्ह यांच्यासोबत त्यांनी 1980 साली ‘आयपीपीएनडब्ल्यू’ ही अणुयुद्ध रोखण्यासाठीची आंतरराष्ट्रीय डॉक्टर संघटना उभी केली. 1985चं शांततेचं नोबेल तिला मिळालं. ऑस्लोतल्या पत्रकार परिषदेत एका सोव्हिएत पत्रकाराचं हृदय बंद पडलं, तेव्हा हे दोघं व्यासपीठ सोडून त्याच्या छातीवर दाब द्यायला धावले. आपल्याकडच्या ‘इंडियन डॉक्टर्स फॉर पीस अँड डेव्हलपमेंट’ या संघटनेचं काम त्याच साखळीतलं.

(दृश्य: टेबलावर ठेवलेला दुधाचा दात.)

बॉम्ब युद्धात पडलाच पाहिजे असं नाही. चाचणीही पुरते. आपल्याकडे पडलेला दात कौलांवर फेकायची रीत आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये 1958 पासून असे दात गोळा होऊ लागले. डॉ. लुईस राइस यांच्या देखरेखीखाली हे काम वाढलं आणि एकूण तीन लाखांवर दात जमले. दातासोबत कार्ड: जन्मतारीख, गाव, आईचं दूध की बाटलीचं. कार्ड अर्धवट असेल तर दात कामाचा नाही, कारण दुधाचा दात गर्भात आणि पहिल्या वर्षात घडतो; मूल तेव्हा कुठे होतं ते कळायलाच हवं. शोधायचं होतं स्ट्रॉन्शियम-90, म्हणजे अणुस्फोटातून निघणारं किरणोत्सारी द्रव्य. हवेतल्या स्फोटाची धूळ गवतावर पडते, गवत गायीच्या पोटात जातं, तिथून दुधात. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडा-दातांत बसवतं. तिथून ते सहजासहजी हलत नाही. त्याचा किरणोत्सार अर्धा व्हायलाच सुमारे 29 वर्षं लागतात. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं प्रमाणही चढत गेलं. 1963 साली हवेतल्या चाचण्या थांबवणारा करार झाला. भारतही त्यात आहे. 2017चा अण्वस्त्रबंदी करार मात्र भारताने स्वीकारलेला नाही. त्यामागच्या ‘आयकॅन’ या मोहिमेची सुरुवात याच डॉक्टरांच्या संघटनेतून झाली होती.

2013 साली आयपीपीएनडब्ल्यूने भारत-पाकिस्तान युद्धाचा हिशेब समोर ठेवला. हिरोशिमाच्या आकाराचे 100 बॉम्ब शहरांवर पडले, तर जळत्या शहरांची काजळी पावसाच्या ढगांच्याही वर जाते. तिथं तिला धुवायला पाऊस नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. ऊन घटतं, पाऊस घटतो, जगभर सुमारे 2 अब्ज लोकांवर उपासमारीचं संकट. तापीकाठच्या केळीला आणि कोरडवाहू कापसाला हे सांगायला वेगळा शास्त्रज्ञ नको.

(दृश्य: औष्णिक वीज केंद्राची चिमणी, दूरवरून.)

दातांच्या कार्डाची शिस्त आपल्याकडच्या चिमण्यांच्या धुरालाही लागू पडते. 500 मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सुमारे 7,800 टन कोळसा लागतो. एक तृतीयांश राख धरली, तर 2,600 टन. त्यातली साधारण 80 टक्के धुरासोबत वर जाते आणि चिमणीआधीचं ईएसपी, म्हणजे विजेच्या जोरावर राख खेचणारं यंत्र, तिला अडवतं. ते 99.8 टक्के अडवत असेल तर दिवसाला सुमारे 4 टन बाहेर पडते; 99 टक्केच अडवत असेल तर 20 टनांच्या वर. कागदावर फरक एका टक्क्याहूनही कमी. राखेचा तलाव उन्हाळ्यात कोरडा पडला, तर वाऱ्याने उडणारी राख या हिशेबात धरलेलीच नाही.

ओपीडीत अडचण वेगळीच असते. रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं ‘खोकला, 4 दिवस’. गाव नाही, काम नाही, चूल की गॅस ते नाही. अशा हजार नोंदींतूनही राखेविरुद्ध काही सिद्ध होत नाही. विडी, चूल, विटभट्टी, सगळं एकात एक मिसळतं. म्हणून प्रत्येक दमेकऱ्याच्या नोंदीत चार रकाने जास्त: राहतं घर, कामाचं ठिकाण, स्वयंपाकाचं इंधन, विडी-सिगारेट. शिवाय पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, उभ्याने तीनदा फुंकायला लावून सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहायचा. सरासरी काढायची नाही. मीटर प्रत्येक वेळी तोच हवा. मीटर बदललं तर मागच्या आकड्यांशी तुलना होत नाही.